मेलेलं लाकूड उचललं की हा भुंगेरा संपला

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे, त्याच्या आग्नेय भागात विलँग्टा नावाचं ओलसर निलगिरीचं जंगल, आणि तिथं एक काळसर स्टॅग बीटल राहतो, लिसोटेस लॅटिडेन्स. नराचे जबडे रुंद आणि दातेरी. स्टॅग बीटल म्हटलं की संध्याकाळी घोंगावत जाणारा दणकट भुंगेरा आठवतो, पण याला उडताच येत नाही. चालून जाईल तेवढंच याचं जग.

आता यानं उडणं का सोडलं? तर जुन्या जंगलात झाडं पडतच असतात, एक ओंडका कुजून संपला तरी दुसरा जवळच मिळतो, मग पंख आणि ते हलवणारे स्नायू पोसायचे कशाला? तीच ताकद अंड्यांना लावलेली फायद्याची. हिशोब एकदम बरोबर होता, फक्त जंगल तसंच राहील हे त्यात धरलेलं होतं.

असा जुना ओंडका उलटा केला ना, तर खालची बाजू ओली, बोटानं कुस्करेल इतकी मऊ असते, आणि लाकूड कुठं संपतं नि माती कुठं सुरू होते तेच कळत नाही. अळ्या नेमक्या याच थरात वाढतात. ताजं लाकूड यांच्या कामाचं नाही, त्यात नायट्रोजन नावापुरता आणि लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पचायला महाकठीण, म्हणून आधी बुरशी ते पोखरून मऊ करते आणि मग अळ्यांची पंगत बसते. मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच: स्टॅग बीटलच्या कितीतरी जातींत मादीच्या पोटाच्या टोकाशी एक बारीक पिशवी असते, तिच्यात लाकडातली साखर पचवणारं यीस्ट असतं, आणि ते अंड्यांसोबत पुढच्या पिढीला मिळतं. म्हणजे पोरांच्या खाण्याची सोय आई आधीच करून ठेवते.

गडबड होते ती तोडीत. टास्मानियात बऱ्याच ठिकाणी सगळं जंगल सपाट करायचं, उरलेलं जाळायचं आणि मग नवीन बी पेरायचं अशी पद्धत होती. काही वर्षांत सगळं परत हिरवंगार दिसतं, पण पडलेले मोठे ओंडके कुठून आणणार? झाड म्हातारं होऊन पडायच्या आतच पुन्हा कुऱ्हाड येते. त्यात सरपणासाठी पडकी लाकडं नेणारे वेगळेच. उडणारा किडा दुसरीकडे जाईल, याला ती उघडी, तापलेली जमीन चालून ओलांडायची आहे.

हा किडा कोर्टातही पोचला बरं का! ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन्स पक्षाचे तेव्हाचे सिनेटर बॉब ब्राऊन यांनी विलँग्टातल्या तोडीविरुद्ध फेडरल कोर्टात केस केली, ती एक गरुड, स्विफ्ट पॅरट नावाचा पोपट आणि हा भुंगेरा यांना वाचवण्यासाठी. डिसेंबर 2006 मध्ये ते जिंकले, पण 2007 मध्ये अपिलात निकाल फिरला, कारण केंद्र आणि टास्मानिया सरकारमधल्या जंगलाच्या करारात संरक्षणाची तरतूद केलीय तेवढं पुरे, ते प्रत्यक्षात होतंय का हे तपासायची गरज नाही असा अर्थ कोर्टानं लावला. आता एवढ्याशा किड्याला यातलं काय कळणार, पण मला तरी हे अजब वाटतं.

समोरच्या मारिया बेटावरही हा सापडतो, आणि ते बेट 1972 पासून नॅशनल पार्क आहे. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा ते टास्मानियाला जोडलेलं होतं, तेव्हाच हा बहुतेक चालत तिकडे पोचला असणार. आता मध्ये पाणी आहे, त्यामुळे इकडचे संपले तर तिकडून भरपाई व्हायची नाही.