गोळी लागू पडली की नाही, हे रक्त आधी सांगतं

खानापूरच्या माझ्या आत्याला पाठीला पोक येऊ लागलं म्हणून हाडं ठिसूळ होण्यावरची, आठवड्याला एक, अशी गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी बेळगावला जाऊन तिनं हट्टानं पुन्हा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, काढून घेतला. आकडा होता तिथंच. "औषध काय लागू पडंना बघ. बंदच करतो आता," म्हणाली.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. डेक्सा हाडातला क्षारांचा साठा मोजतो आणि त्यातला फरक ठळक दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मोडतोडीचा वेग मात्र रक्तात काही आठवड्यांतच कळतो. तो कसा, हे मला फार विलक्षण वाटतं.

मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी मोडून नव्यानं बांधला जातो. मोडणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, हाडाला चिकटते, कडा घट्ट बंद करते आणि आत आम्ल सोडते. क्षार विरघळले की कोलॅजन या प्रथिनाचे दोर उघडे पडतात. मग कॅथेप्सिन-के हे विकर ते दोर कापतं. पण या दोरांची टोकं शेजारच्या दोरांशी आडव्या बंधांनी जखडलेली असतात. ते बंध तुटत नाहीत. गाठीसकट टोकाचा तुकडा रक्तात उतरतो, तोच सीटीएक्स. बांधकामाचा पुरावा वेगळा: नवं कोलॅजन रचताना त्याच्या टोकाचा जादा भाग छाटला जातो, तो पी१एनपी.

आत्याची गोळी बिस्फॉस्फोनेटची. ती हाडावर बसते. हाड खाणारी पेशी तिच्यासकट हाड गिळते आणि निकामी होते. त्यामुळं तीन महिन्यांत सीटीएक्स चांगलंच उतरायला हवं. आत्याचं, सुरुवातीच्या नमुन्याशी ताडून पाहिलं तर, हललंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेता?

"सकाळी चहासंगं घेतो की!"

दुधातलं कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं. नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी घेतलं तरी ते एक टक्काही शोषलं जात नाही. चहाबरोबर मग काय उरणार?

सीटीएक्सची तपासणीही सकाळी, उपाशीपोटीच करायची. खाल्लं की ते घसरतं, दुपारीही कमी असतं. हाड मोडलेलं असेल तर कित्येक महिने चढं राहतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, काही यंत्रांचे आकडे त्यानं चुकतात. आणि या आकड्यांवरून ठिसूळपणाचं निदान होत नाही, औषधाचा परिणाम तेवढा कळतो. टाच यंत्रात घालून 'हाडांचं वय' सांगणारी आणि लगेच पावडरीचा डबा हातात देणारी शिबिरं यातलं काहीच करत नाहीत. तिथं पैसे घालवू नका.

आत्या आता रविवारी उठल्या उठल्या पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेते, अर्धा तास आडवी होत नाही, चहा त्यानंतर. तीन महिन्यांनी सीटीएक्स निम्म्याच्याही खाली आलं. डेक्सा पुढच्या वर्षी काढायचा आहे.