सोमवारी आलेला माशाचा वास

ताईच्या घरात तीन दिवस माशाचा वास येत होता आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. घर वरळी कोळीवाड्यात, खिडकीबाहेर दोरीवर बोंबील. चौथ्या दिवशी सोमवार आला. सोमवारी तिच्याकडे मासे शिजत नाहीत, दोरीही रिकामी झाली होती, तरी वास होताच. उलट रात्री वाढला. नाकाने माग काढत ती पोचली दाराजवळच्या इलेक्ट्रिकच्या बोर्डापाशी. तिथे भाच्याच्या नव्या इलेक्ट्रिक मोटारसायकलचा चार्जर लावला होता, आणि पांढऱ्या सॉकेटचं एक भोक चहाचा डाग पडावा तसं तपकिरी झालं होतं.

हा वास खरोखरच मासळीच्या नात्यातला आहे. बरेच स्विच आणि सॉकेट युरिया आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेल्या कडक प्लास्टिकचे असतात. ते जास्त तापलं की विघटन होऊन त्यातून अमाइन वर्गातली संयुगं सुटतात. शिळ्या मासळीचा वासही अशाच एका अमाइनचा, ट्रायमिथाइल अमाइनचा. कोळीवाड्यात हा इशारा वाया जाणार हे ओघानं आलंच.

घरात लगेच निकाल लागला: गाडीचा लोड घरच्या वायरिंगला झेपला नाही. मला तो पटेना. चार्जरवर १३०० वॅट लिहिलेलं. २३० व्होल्टने भागलं तर पावणेसहा अँपिअर, सोयीसाठी सहा म्हणू. त्याच सॉकेटवर आधी २००० वॅटचा गीझर वर्षानुवर्षं चालला होता, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. मग नऊ सोसणारं सॉकेट सहाने कसं भाजलं?

फरक वेळेचा आहे. गीझर वीस मिनिटं चालतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. इस्त्रीचंही तसंच, तापली की तिचा दिवा विझतो. चार्जर मात्र तीन-चार तास दम घेत नाही. लिथियम बॅटरी भरताना बहुतेक वेळ विद्युतप्रवाह स्थिर ठेवला जातो. बॅटरी भरत आली की मग व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी केला जातो. म्हणजे वीस मिनिटांत जे सॉकेट कोमट होऊन निवायचं, ते आता तासन्तास तापतच राहतं. घरातली इतकी लांब पल्ल्याची उपकरणं मोजकीच. एसी त्यातला एक, पण त्याला आपण स्वतंत्र लाइन देतो. मोटारसायकलला मात्र जे सॉकेट मोकळं असेल ते.

आता उष्णता नेमकी कुठे तयार होते ते पाहू. वायर सरळ, अखंड तांब्याची. तिचा रोध नगण्य. अडचण असते सांध्यात, म्हणजे जिथे पिन सॉकेटमधल्या पितळी पट्टीला टेकते आणि जिथे वायर स्क्रूखाली दाबलेली असते. स्पर्श सैल झाला की रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, तेव्हा सहाचा वर्ग ३६, त्याचा निम्मा १८ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचं, डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे बोर्डाच्या आत, प्लास्टिकला चिकटून, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न तासन्तास चालू. काही गाड्यांना घरी वापरायचे ३.३ किलोवॅटचे जलद चार्जर मिळतात, ते सव्वाचौदा अँपिअर घेतात. त्याच सांध्यात तेव्हा १०० वॅटच्या आसपास. प्रवाह अडीचपटीहून कमी वाढला आणि उष्णता पाचपटीहून जास्त, हा सगळा त्या वर्गाचा प्रताप.

एकदा सांधा तापला की तो स्वतःच स्वतःला बिघडवत नेतो. सततच्या उष्णतेने पितळी पट्टीची स्प्रिंग मऊ पडते आणि पकड आणखी सुटते. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि समुद्राकाठची खारी, दमट हवा गंजाला हातभार लावते. जुन्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या वायरी असतील तर तिसरं दुखणं: अॅल्युमिनियम तांब्या-पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं. शिवाय त्याचा ऑक्साइड जवळजवळ वीजरोधकच. स्क्रू पिळून घट्ट केला तरी काही महिन्यांत पुन्हा ढिला.

ताईचा प्रश्न रास्त होता: ‘अगं, एमसीबी कशाला बसवलाय मग?’ एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, मोजतो तो प्रवाह. ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की त्यातली द्विधातूची पट्टी वाकून तो पडतो. शॉर्टसर्किट झालं की त्यातलं विद्युतचुंबक क्षणात झटका देतं. पण इथे प्रवाह सहाच होता, १६ अँपिअरच्या एमसीबीला तक्रार करायला जागाच नव्हती. सांध्यात जळणारे १८ वॅट त्याला कळण्याचा मार्ग नाही. चार्जरलाही कळत नाही, कारण त्याच्या वाट्याचे २३० पैकी तीन व्होल्ट कमी झाले तर तो तेवढा प्रवाह किंचित वाढवून घेतो. ही जागा फक्त नाकाला आणि हाताला सापडते. अर्धा-पाऊण तास चार्जिंग झालं की स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघावा. कोमट चालेल. धरवत नसेल किंवा पिनेवर काळपट-तपकिरी झाक असेल, तर ते सॉकेट बदलायला झालं. प्लगही बदलायचा, कारण भाजलेली पिन नव्या सॉकेटलाही भाजते. आणि चालू चार्जिंगमध्ये प्लग खेचू नये; त्या ठिणगीने पिनेवर खड्डे पडतात.

जाड पिनेचा प्लग बारीक भोकात बसवणारे अडॅप्टर रस्त्यावर कुठेही मिळतात. १६ अँपिअरची पिन सुमारे सात मिलिमीटर जाड आणि ६ अँपिअरची पाच, हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. अडॅप्टर तो पुसून टाकतो आणि वर दोन नवे सांधे आणतो. मला त्याचा राग आहे.

वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा दुसरीच गोष्ट सापडली: अर्थिंगची वायर पिनेपर्यंत पोचलेलीच नव्हती. भाचा म्हणाला, ‘तरीच चार्जरला हात लावला की मुंग्या यायच्या.’ चार्जरच्या आत विजेचा खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते धातूच्या खोक्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा किरकोळ प्रवाह निमूट जमिनीत जातो. नसेल तर खोकं साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. मुंग्यांनी कुणी मरत नाही, पण उद्या आतली वायर खोक्याला टेकली तर वाचवायला काही नाही, हेच त्या मुंग्या सांगत असतात. काही जण यावर सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. न्यूट्रल कुठे तुटला तर त्या कृपेने गाडीचं धातू पूर्ण २३० व्होल्टला येतं.

नीट अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, हवा. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की तो क्षणार्धात पडतो. घेताना त्यावरचं चिन्ह बघा. नुसती लाट छापलेली असेल तो एसी प्रकारचा. लाटेखाली अर्ध्या लाटांच्या टेकड्याही असतील तो ए प्रकारचा. चार्जरमध्ये बिघाड झाल्यास गळणाऱ्या प्रवाहात डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, अंश असू शकतो. तो ओळखण्यासाठी ए प्रकार जास्त भरवशाचा.

आपल्याकडचं नेहमीचं दृश्य म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पार्किंगमध्ये सोडलेली वायर. ३० मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन रोध ०.७ ओहम. सव्वाचौदा अँपिअरला ती १४० वॅट उष्णता सोडते, आणि उरलेली वायर गुंडाळून ठेवली असेल तर ती उष्णता वेटोळ्यातच कोंडते. स्वस्त एक्स्टेन्शनची वायर त्याच्या निम्म्या जाडीचीही असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडीच्या चार्जिंगला एक्स्टेन्शन जोडायला मनाई आहे, आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवं असंही आहे. जुलैत पार्किंगमध्ये पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना या उंचीचं कारण सांगायला नको.

बॅटरीचं पेटणं हा वेगळा विषय. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरना लागलेल्या आगींनंतर आपल्याकडे बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. घरापुरतं एवढं पाळावं: काढता येणारी बॅटरी दारातल्या वाटेवर चार्जिंगला लावू नये, कारण चाळीत बाहेर पडायला दुसरी वाट नसते. आणि उन्हातून आल्या आल्या प्लग लावण्याऐवजी तिला थोडी निवू द्यावी.

ताईकडे आता मीटरपासून थेट चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन आहे, तिला स्वतःचा एमसीबी, ए प्रकारचा आरसीसीबी आणि जमिनीपर्यंत पोचलेलं अर्थिंग. बोंबलाची दोरी तिने मागच्या खिडकीला नेली. दाराशी वास आला तर तो कशाचा, हे तिला विचार न करता कळायला हवं होतं.