मेडिकेअरमधून सीपॅप मशीन: तारखा चुकल्या की अर्ज अडतो

मुलांकडे अमेरिकेत येऊन राहिलेल्या आई-बाबांसाठी आणि त्यांचे कागद सांभाळणाऱ्या मुला-सुनांसाठी हे लिहितेय. आमच्याकडच्या ज्येष्ठांच्या बैठकीत मी कागद बघून देते. मेडिकेअरने (६५च्या पुढच्यांचा इथला सरकारी आरोग्यविमा) सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन, नाकारलं म्हणून जे येतात, त्यांचा स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार) खराच असतो. अडतं ते तारखांपाशी. आधी डॉक्टरची भेट, मग झोपेची तपासणी, मग मशीन आणि मग पुन्हा भेट हा क्रम चुकला की मेडिकेअर हात वर करतं.

पात्रतेचं थोडक्यात. वय ६५ आणि पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर आणि उपकरणांसाठीचा भाग) हवा. नागरिक नसाल तर ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं इथे राहिलेले हवेत, मग हप्ता भरून पार्ट बी घेता येतो. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खासगी विमा कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असेल तर पूर्वपरवानगी आणि नेटवर्कमधला पुरवठादार लागू शकतो, म्हणून आधी कार्डामागच्या नंबरवर फोन करा.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो. झोपेची तपासणी होण्याआधी डॉक्टरने समोर बसवून झोपेबद्दल विचारलं होतं, याची डॉक्टरच्या टिपणातली नोंद. घोरणं, झोपेत श्वास अडणं, गुदमरून जाग येणं, सकाळची डोकेदुखी, दिवसाची पेंग, आणि जमल्यास वजन-उंची आणि मानेचा घेर. हे तपासणीच्या तारखेच्या आधीचं असावं लागतं, नंतर लिहून चालत नाही.

आपल्या माणसांची पंचाईत इथेच होते. डॉक्टर विचारतो, झोप कशी? बाबा म्हणतात, फाइन. मुलगा शेजारी बसून तेच इंग्रजीत पुन्हा सांगतो. रात्री बारा वाजता खोली सोडून हॉलमधल्या सोफ्यावर झोपायला जाणारी आई मात्र घरी असते! तिला सोबत न्या. श्वास थांबतो हे तिने पाहिलंय, तिचं बोलणं टिपणात उतरू द्या. एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली देतात. २४ पैकी १०च्या वर गुण म्हणजे पेंग जास्त. त्यात दुपारी आडवं झाल्यावर डोळा लागतो का, असा एक प्रश्न आहे. आमचे काका तिथे शून्य लिहून आले. का, तर वामकुक्षी हा काही आजार नव्हे.

तपासणी घरी केलेली चालते, पण मशीन विकणाऱ्या पुरवठादाराचा तिला हातही लागता कामा नये, अगदी किट आणून देण्यापुरतासुद्धा. पुण्याहून रिपोर्ट आणला असेल तर डॉक्टरला जरूर दाखवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रिपोर्ट वाचणाऱ्याकडे झोपविकाराचं इथलं प्रमाणपत्र असावं, किंवा तो इथल्या मान्यताप्राप्त स्लीप सेंटरचा असावा, अशी अट आहे. बहुतेक वेळा तपासणी पुन्हा करावी लागते.

रिपोर्टमधला महत्त्वाचा आकडा एएचआय, म्हणजे तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला. १५ किंवा जास्त असेल तर प्रश्न नाही. ५ ते १४ असेल तर सोबत काहीतरी लागतं: दिवसा पेंग, निद्रानाश, विसराळूपणा, मनःस्थितीचा विकार, रक्तदाब, हृदयविकार किंवा पूर्वी झालेला पक्षाघात. आणि ते टिपणात लिहिलेलं हवं, नुसती गोळी चालू असून भागत नाही. दुसरी गोम अशी की उथळ श्वास मोजताना मेडिकेअर ऑक्सिजन ४ टक्क्यांनी घसरला तरच धरतं, बऱ्याच लॅब ३ टक्क्यांवर मोजतात. समजा पहिल्या पानावर १८ दिसतात, ४ टक्क्यांच्या हिशेबाने तेच ११ भरतात. तुम्ही १८ बघून निश्चिंत, आणि रक्तदाबाची ओळ लिहून घ्यायची राहून जाते.

मशीन घरी आलं की लोक सुटलो म्हणतात. खरं तर ते तीन महिन्यांच्या परीक्षेवर आलेलं असतं. अटी दोन. पहिली, पहिल्या तीन महिन्यांतल्या कुठल्याही सलग ३० दिवसांत किमान २१ रात्री, दर रात्री ४ तास वापर. दुसरी, ३१व्या ते ९१व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरची भेट, ज्यात त्याने वापराचा अहवाल पाहून फायदा झाल्याचं लिहिलेलं असेल. पोर्टलवर मेसेज टाकला म्हणजे भेट झाली असं नाही. दिवस मोजायचे ते वापर सुरू झाल्यापासून, चिठ्ठी लिहिली तेव्हापासून नव्हे. १ ऑगस्टला सुरू केलंत तर भेटीची मुदत ३१ ऑगस्ट ते ३० ऑक्टोबर. स्लीपच्या डॉक्टरची वेळ आठवडे मिळत नाही, म्हणून मशीन आलं त्याच दिवशी साठाव्या-सत्तराव्या दिवसाची अपॉइंटमेंट घेऊन ठेवा.

चार तास सलग लागत नाहीत, बेरीज चालते. एका काकांच्या अहवालात रात्रीमागून रात्र ३ तास ५०, ३ तास ४२ अशीच दिसत होती. अकराला झोपायचे, पावणेतीनला बाथरूमसाठी मास्क काढायचे आणि परत लावायचेच नाहीत. मास्क उशीवर ठेवा आणि आल्यावर पुन्हा चढवा, एवढं सांगितल्यावर पुढच्या महिन्यात पंचवीस रात्री भरल्या. म्हणूनच पहिला महिना वाया गेला तरी मशीन कपाटात टाकू नका. मास्क टोचत असेल तर पुरवठादाराला पहिल्याच आठवड्यात फोन करा. तो टाळाटाळ करेल, पण सोडू नका.

आणि कृपा करून या तीन महिन्यांत भारतात जाऊ नका. लग्न असेल, जावंच लागलं, तर मशीन सोबत न्या, वापराची नोंद ठेवणारं मेमरी कार्ड आतच राहू द्या आणि भेटीची तारीख चुकेल असं तिकीट काढू नका. ९१वा दिवस उलटून भेट झाली आणि फायदा दिसला, तरी पैसे भेटीच्या तारखेपासून पुढचेच मिळतात, मधला काळ तुमच्या अंगावर. वापरच भरला नाही तर पुन्हा डॉक्टर आणि पुन्हा तपासणी, तीही लॅबमध्ये रात्र काढून.

पैशांचं सोपं आहे. वर्षाची वजावट, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२५मध्ये २५७ डॉलर), भरली की मान्य रकमेचे २० टक्के तुमचे, पुरवणी विमा असेल तर ते बहुधा तो उचलतो. मशीन १३ महिने भाड्याने, मग तुमचं. पुरवठादाराला ‘असाइनमेंट घेता का?’ (म्हणजे मेडिकेअरने मान्य केलेलीच रक्कम पूर्ण धरता का) एवढं विचारा, नाहीतर बिल फुगतं. मास्क आणि नळी दर तीन महिन्यांनी नवी मिळते, मशीन पाच वर्षांनी.

पुरवठादाराने ‘एबीएन’ नावाचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी वाचा. मेडिकेअर बहुधा पैसे देणार नाही, मग मी देईन, असं तुम्ही त्यात कबूल करत असता. एका मावशींनी डिलिव्हरीच्या माणसाला चहा देता देता त्यावर सही केली होती.

नकार आलाच, तर सूचना मिळाल्यापासून १२० दिवसांत अपील करता येतं. त्यासोबत तपासणीआधीचं टिपण, रिपोर्ट, वापराचा अहवाल आणि दुसऱ्या भेटीचं टिपण जोडा. डॉक्टरच्या ऑफिसमधून ‘व्हिजिट नोट्स’ असंच नाव घेऊन मागा. नुसतं रेकॉर्ड म्हटलं की रक्ततपासण्यांचा गठ्ठा हातात देतात.