शिवडी विधानसभा मतदारसंघ

शिवडी हा महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी १८३ क्रमांकाचा मतदारसंघ असून तो मुंबई शहर जिल्ह्यात आणि दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात मोडतो. वरळी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा हे या लोकसभा मतदारसंघातील इतर पाच विधानसभा मतदारसंघ होत. शिवडीची जागा खुली आहे. लालबाग, परळ, काळाचौकी, कॉटन ग्रीन आणि शिवडी या वस्त्या त्यात येतात. म्हणजेच ज्याला जुने मुंबईकर गिरणगाव म्हणतात त्याचा मोठा पट्टा आणि पूर्वेकडील बंदराची जमीन असे दोन वेगळ्या स्वभावांचे भाग येथे एकत्र आले आहेत. कामगार चळवळ, डावा विचार आणि मराठी अस्मितेचे राजकारण या तिन्ही प्रवाहांनी राज्यातील फार थोडे मतदारसंघ इतके घडवले आहेत.

सध्याच्या सीमा २००८ मध्ये अमलात आलेल्या परिसीमनाने, म्हणजे मतदारसंघांच्या फेरआखणीने, ठरल्या. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेवर ही आखणी केली आणि २००९ ची निवडणूक तिच्यानुसार झाली. त्याआधी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी १७ जागा होत्या. नव्या आखणीत शहराकडे १० उरल्या आणि उपनगराच्या २६ झाल्या. परळ, माझगाव, चिंचपोकळी ही पिढ्यान्‌पिढ्या तोंडी बसलेली नावे विधानसभेच्या यादीतून त्या वेळी पुसली गेली. शिवडी हे नाव आधीही होते, पण आजच्या शिवडीत जुन्या परळचा इतका भाग आहे की परळचा इतिहास वगळून शिवडीची नोंद लिहिता येत नाही. शहराच्या जागा का घटल्या, याचे उत्तर मतदार यादीच्या मूळ नियमात आहे. माणूस जेथे काम करतो तेथे नव्हे, तर जेथे राहतो तेथे मोजला जातो. गिरण्या बंद पडल्यावर चाळीतली खोली विकून किंवा पागडी सोडून डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेलेल्या कुटुंबांबरोबर त्यांचे मतही गेले. सकाळी परळच्या टॉवरमध्ये आणि रुग्णालयांत येणारे लाखो लोक या मतदारसंघाच्या रस्त्यांवर भार टाकतात, परंतु येथे मत देत नाहीत. लोकसंख्येवर आधारलेल्या प्रतिनिधित्वाचा हा परिणाम नियमाला धरूनच आहे. तरीही ज्या कामगारांनी ही वस्ती उभी केली त्यांचा एकवटलेला आवाज त्यामुळे विखुरला, हे नोंदवलेच पाहिजे.

परळच्या राजकीय इतिहासातील सर्वांत निर्णायक घटना १९७० ची पोटनिवडणूक होय. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि त्यानंतरही गिरणगावावर लाल बावट्याची पकड होती; १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले होते. १९६७ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई परळमधून विधानसभेवर निवडून आले. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये त्यांचा खून झाला. रिकाम्या झालेल्या जागेसाठी ऑक्टोबरमध्ये मतदान झाले, तेव्हा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई डाव्या आणि इतर पक्षांच्या पाठिंब्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासमोर शिवसेनेने वामनराव महाडिक यांना उमेदवारी दिली. महाडिक यांना ३१,५९२ आणि सरोजिनी देसाई यांना २९,९१३ मते पडली. १,६७९ मतांच्या या फरकाने १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेला पहिला आमदार मिळाला. सहानुभूतीची लाट असूनही डाव्यांचा हक्काचा गड हातचा गेला, म्हणून या निकालाचा अर्थ आकड्यापेक्षा फार मोठा ठरला: गिरणीत युनियनचा लाल बावटा आणि गल्लीत सेनेची शाखा अशी कामगार घराची विभागणी पुढे वर्षानुवर्षे टिकली. एकाच चाळीत, कधी एकाच खोलीत, बाप युनियनचा आणि मुलगा शाखेतला असे. महाडिक पुढे १९७८ मध्ये मुंबईचे महापौर आणि १९८९ मध्ये खासदार झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही, हे येथील वृद्ध आजही आवर्जून सांगतात. १९८४ मध्ये देशभर काँग्रेसची लाट असताना सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. संपात होरपळलेल्या मतदारांनी आपल्या नेत्याला दिलेला तो कौल होता. मात्र या शक्तीतून टिकाऊ राजकीय संघटना उभी राहिली नाही आणि कामगारवस्तीचा कल हळूहळू शिवसेनेकडे स्थिरावला. शेजारच्या माझगावमध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडल्यानंतर १९९५ मध्ये शिवसेनेचे बाळा नांदगावकर यांनी त्यांचा पराभव केला, तर जुन्या शिवडीत राष्ट्रवादी काँग्रेसचे सचिन अहिर यांनी स्वतःचा जम बसवला होता. २००९ मध्ये अहिर वरळीत गेले आणि माझगाव नाहीसे झाल्यामुळे नांदगावकर शिवडीत आले. परिसीमनाने केवळ सीमा नव्हे, तर लढतीही नव्याने मांडल्या.

नव्या शिवडीची पहिली निवडणूक १३ ऑक्टोबर २००९ रोजी झाली. शिवसेनेतून बाहेर पडलेल्या राज ठाकरे यांच्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची (मनसे) स्थापना होऊन तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षे झाली होती. मनसेचे नांदगावकर यांनी परळचे माजी आमदार, शिवसेनेचे दगडू सकपाळ यांना हरवले. त्या वर्षी मनसेच्या राज्यातील १३ विजयांपैकी सहा मुंबईतले होते आणि शिवडी त्यातील एक. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटून सगळे पक्ष वेगवेगळे लढले, तेव्हा शिवसेनेच्या अजय चौधरी यांनी नांदगावकर यांच्यावर चाळीस हजारांहून अधिक मताधिक्य मिळवले. २०१९ मध्ये चौधरी पुन्हा सहज निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा मनसेच राहिली. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात चौधरी आणि नांदगावकर तिसऱ्यांदा नव्हे, पण दहा वर्षांनी दुसऱ्यांदा समोरासमोर आले. भारतीय जनता पक्षाने या जागेवर नांदगावकर यांना पाठिंबा दिला होता, तर चौधरी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे मशाल चिन्ह घेऊन उभे होते. २३ नोव्हेंबरच्या मोजणीत चौधरी ७,१४० मतांनी विजयी झाले. चारही निवडणुकांत पहिले दोन उमेदवार एकाच राजकीय कुळातले होते, ही शिवडीची खरी खूण आहे. येथे लढत मराठी मतदाराला कोण जिंकतो एवढ्यापुरती नसते, तर बाळासाहेबांचा वारसा कोणाकडे जातो याचीही असते. शाखा, गणेशोत्सव मंडळ आणि दहीहंडीचे पथक यांच्यातून जुळलेली नाती त्यात मोठी भूमिका बजावतात. १९३४ पासून बसणारा लालबागचा राजा याच मतदारसंघात आहे. उद्धव आणि राज ठाकरे ५ जुलै २०२५ रोजी वरळीत एका व्यासपीठावर आले, त्याचा परिणाम म्हणूनच शिवडीइतका थेट फार थोड्या ठिकाणी जाणवावा.

शिवडीच्या आमदाराचे नाव राज्यघटनेशी संबंधित एका मोठ्या वादातही आले. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी बंड केल्यानंतर शिवसेनेने त्यांना विधिमंडळ गटनेतेपदावरून दूर करून चौधरी यांची नेमणूक केली आणि विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी तिला मान्यता दिली. नवे अध्यक्ष आल्यावर हा निर्णय फिरवला गेला. पक्षप्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार विधिमंडळातील गटाचा की मूळ राजकीय पक्षाचा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी तो राजकीय पक्षाचा असल्याचे सांगितले.

आमदाराकडे येणाऱ्या गाऱ्हाण्यांत घराचा प्रश्न सर्वांत वर असतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होऊन एक सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी राहायचा होता. २००१ मधील बदलाने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू केली आणि शहराच्या तसेच कामगारांच्या वाट्याची जमीन मोठ्या प्रमाणावर घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल कायम ठेवला. या एका शब्दाच्या फेरफाराइतके नुकसान गिरणगावाचे दुसऱ्या कोणत्याही निर्णयाने केले नसेल. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींची दुरुस्ती आणि केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांबाहेर पदपथावर मुक्काम करणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांची सोय हे नित्याचे विषय आहेत. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाकडे राहिला, तेव्हा एरवी नगरसेवकाकडे जाणारी पाणी, गटार आणि कचऱ्याची कामेही आमदाराच्या कार्यालयात येऊ लागली.

पूर्वेकडे मात्र राज्य सरकारचा हातच आखूड पडतो. बंदराची जमीन केंद्राच्या अखत्यारीतील बंदर प्राधिकरणाची आहे आणि तिच्यावरील भाडेकरूंना घरदुरुस्तीसाठीही दोन सरकारांचे उंबरठे झिजवावे लागतात. शिवडीच्या खाडीवरून निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, परंतु वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या (ब्रिटिश काळातील सरकारी चाळींच्या) पुनर्विकासाचे काम सुरू झाल्यानंतरही, जवळच उभ्या असलेल्या शिवडीच्या बारा बीडीडी चाळी, जमीन बंदराची असल्यामुळे, त्या कामातून बाहेर राहिल्या.