प्रतिजैविकरोध : आंतरराष्ट्रीय सहकार्य

जिवाणूंवर प्रतिजैविके निष्प्रभ ठरणे म्हणजे प्रतिजैविकरोध. रोधाची जनुके प्लाझ्मिडांवरून (जिवाणूंमधील सुट्या, लहान डीएनए-वलयांवरून) एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातात आणि रुग्ण, जनावरे व सांडपाणी यांच्याबरोबर सरहद्दी ओलांडतात. म्हणून एकट्या देशाने कितीही काटेकोरपणा पाळला तरी भागत नाही. २०१९ मध्ये जगभरात अशा रोधक जिवाणूंच्या संसर्गांमुळे थेट ओढवलेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे १२.७ लाख आहे.

या सहकार्याचा आरंभ बहुधा २०१५ च्या जागतिक कृती आराखड्यापासून धरतात. तथापि जागतिक आरोग्य सभेने १९९८ मध्येच याविषयी ठराव केला होता आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे धोरणही आले. त्यामुळे १९९८ हे वर्ष अधिक सयुक्तिक वाटते. राष्ट्रीय आराखडे करण्याची जबाबदारी देशांनी पत्करली ती मात्र २०१५ मध्ये. भारताचा पहिला आराखडा २०१७ चा.

जिवाणूंना अनेक प्रतिजैविके निकामी करू देणाऱ्या एनडीएम-१ या विकराचा (एन्झाइमचा) वाद येथे नोंदवायला हवा. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका भारतीय वंशाच्या स्वीडिश रुग्णात तो २००८ च्या सुमारास सापडला आणि २००९ च्या शोधनिबंधात त्याला नवी दिल्लीचे नाव मिळाले. भारतातून यावर तीव्र आक्षेप घेतला गेला. उगम दिल्लीतच झाला असे केवळ त्या रुग्णावरून म्हणता येत नाही. मात्र २००६-०७ मधील भारतीय रुग्णालयांच्या नमुन्यांतही पुढे तो आढळल्याने, उपखंडात तो आधीपासून पसरला होता हे मत अधिक ग्राह्य दिसते. रोगांना स्थळनामे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले. ती सूचना विकरांना लागू नाही, पण नमुने व माहिती मोकळेपणाने देणाऱ्या देशावर ठपका येऊ नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच मोलाचे आहे.

गोव्याचा या विषयाशी थेट संबंध जी-२० मुळे आला. भारताच्या अध्यक्षतेखालील आरोग्य कार्यगटाची दुसरी बैठक १७ ते १९ एप्रिल २०२३ रोजी गोव्यात झाली. आरोग्य-आणीबाणीच्या विषयात प्रतिजैविकरोध आणि मानव, प्राणी व पर्यावरण यांचे ‘एक आरोग्य’ यांवर भर होता. सप्टेंबर २०२४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात, २०१९ मधील रोधाशी थेट वा अन्य प्रकारे संबंधित अशा सुमारे ४९.५ लाख मृत्यूंच्या तुलनेत २०३० पर्यंत १० टक्के घट साधण्याचे ठरले. त्याच महिन्यात प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आल्या. औषधनिर्मिती हा गोव्यातील मोठा उद्योग असल्यामुळे, येथील वाचकाने जाहीरनाम्याआधी या सूचना पाहाव्यात.