विळ्यावरचा तांबूस थर आणि चाल्कोपायराइटचा हट्ट

तासगाव-पलूसकडं द्राक्षबागेत बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) कालवलं की त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय. मोरचुदातलं सुटं तांबं लोखंडावर बसतं आणि त्या बदल्यात लोखंड पाण्यात उतरतं. (लोखंडी पिंपात बोर्डो करत नाहीत ते याचमुळं.) तांब्याच्या खाणींवर हाच प्रकार शेकडो वर्षं चालला. खाणीचं निळसर पाणी भंगार लोखंडावरून सोडायचं आणि बसलेलं तांबं खरवडून घ्यायचं. हिशेबानं किलोभर तांब्याला ०.८८ किलो लोखंड पुरतं. प्रत्यक्षात दीड-दोन किलो जातं, कारण पाण्यातलं फेरिक (तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह, Fe³⁺) आणि आम्ल दोन्ही लोखंड खातात.

खरी अडचण त्याआधीची, दगडातलं तांबं पाण्यात उतरवण्याची. आपल्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही. मध्य प्रदेशातल्या मलाजखंड, राजस्थानातल्या खेत्रीकडचं मुख्य खनिज चाल्कोपायराइट: पितळेसारखं पिवळं, शुद्ध असेल तर ३४.६ टक्के तांबं, बाकी लोह आणि गंधक. ते नुसत्या सल्फ्युरिक आम्लात टाकून ठेवलं तर जवळपास तसंच राहतं. त्यातल्या गंधकाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम फेरिक लोह करतं:

CuFeS₂ + ४Fe³⁺ → Cu²⁺ + ५Fe²⁺ + २S

म्हणजे किलोभर तांब्यामागं साडेतीन किलो फेरिक. एवढं विकत घेऊन परवडणार नाही, म्हणून वापरून झालेलं फेरसच (Fe²⁺) पुन्हा फेरिक करतात. आम्लात नुसत्या हवेनं हे फार रेंगाळतं. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जिवाणू मात्र याच कामावर पोट भरतो. म्हणून खनिजाच्या ढिगाखाली नळ्या टाकून हवा फुंकतात आणि वरून आम्ल सोडतात, तेही बागेसारखं ठिबकनं, चौरस मीटरला ताशी ५ ते १० लिटर.

पीएच दोनच्या वर सरकला की फेरिक जॅरोसाइट होऊन बसतं. हा पिवळा गाळ ढिगातल्या वाटा बुजवतो. दगडात कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) जास्त असलं तर आम्ल तिथंच संपतं.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे फेरिकचा जोर वाढवला की चाल्कोपायराइट उलट अडून बसतं. पृष्ठभागावरून लोह आधी सुटतं आणि मागं गंधक जास्त असलेली दाट साल उरते. ती नेमकी कशाची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पाण्याचा हा इलेक्ट्रॉन ओढण्याचा जोर सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत मोजला, तर ४००-४५० मिलिव्होल्टच्या आसपास काम बरं चालतं. त्याच्या बरंच वर गेलं की वेग पडतो. ६०-८० अंशांवर जगणारे सूक्ष्मजीव वापरले तर वेग वाढतो, पण ढीग तेवढा तापता ठेवणं सोपं नाही. चाल्कोसाइट (Cu₂S) हे तांब्याचं दुसरं खनिज तुलनेनं गरीब स्वभावाचं. त्यातलं निम्मं तांबं झटकन सुटतं, उरलेलं कोव्हेलाइटसारखं (CuS) होऊन सावकाश येतं.

आता भंगार लोखंड मागं पडलंय. रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं ऑक्झाइम नावाचं रसायन त्या निळ्या पाण्यातलं तांबं उचलतं, बदल्यात तेवढं आम्ल पाण्यात सोडतं. तेलातलं तांबं कडक आम्लात उतरवून विजेनं पत्र्यावर चढवतात. मागं उरलेलं आंबट पाणी पुन्हा ठिबकच्या नळीत जातं.