तोच कोड, तोच लॅपटॉप, मग वेग वेगळा का?

इंदूरला रामबागेत भाच्याकडे त्याचे इंजिनीअरिंगचे मित्र जमले होते. एकाच लॅपटॉपवर लिनक्सचे दोन डिस्ट्रो, म्हणजे त्याच ऑपरेटिंग सिस्टिमचे दोन वेगवेगळे तयार संच. एकावर प्रोजेक्ट झटकन कंपाइल होतो, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनतो; दुसऱ्यावर रेंगाळतो. निदान सर्वांचं एकच: "हा डिस्ट्रो हलका आहे." हा समज फार पसरलाय. मेमरी पुरेशी असेल तर डिस्ट्रोच्या डेस्कटॉपने, म्हणजे खिडक्या-मेनू दाखवणाऱ्या भागाने, रॅम कमी खाल्ल्याने कंपाइल लवकर होत नाही.

हे काम करणारा कंपायलर हाही एक प्रोग्रामच. 1987 साली आलेल्या जीसीसी या कंपायलरचा सोर्स (मूळ कोड) सगळ्यांना सारखाच मिळतो, पण प्रत्येक डिस्ट्रो तो स्वतः कंपाइल करून आपल्याला देतो. फरक पडतो तो इथे.

यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी पद्धत म्हणजे प्रोफाइल्ड बूटस्ट्रॅप. आधी जुन्या कंपायलरने नवा बांधायचा. त्या नव्याने आणखी एक बांधायचा, पण आत मोजणी करणारे काउंटर पेरून. मग या काउंटरवाल्याला जीसीसीचाच सोर्स कंपाइल करायला लावायचं. कोणतं फंक्शन सतत चाललं, कोणती 'इफ' नेहमी खरी ठरली, सगळी नोंद होते. त्या नोंदी वापरून शेवटचा कंपायलर तयार होतो. इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतला पोहेवाला शेव आणि जिरावण मसाला हाताशी ठेवतो, तसा सतत लागणारा कोड इथे शेजारी शेजारी येतो. एरर दाखवणारा कोड दूर जातो. प्रोसेसरची पहिल्या पातळीची इन्स्ट्रक्शन कॅश, म्हणजे चालू कोड हाताशी ठेवायची छोटी वेगवान मेमरी, बहुधा 32 केबीच्या आसपास, आणि कंपायलर कित्येक मेगाबाइटचा. म्हणून ही मांडणी महत्त्वाची. जीसीसी 3.3 वर केलेल्या प्रयोगांत सी प्रोग्राम सुमारे 7 टक्के लवकर कंपाइल झाले होते.

बाकी कारणं थोडक्यात. काही बिल्डमध्ये कंपायलरच्या अंतर्गत तपासण्या चालू राहतात आणि वेग बराच घटतो. उबुंटूसारखे डिस्ट्रो स्टॅक प्रोटेक्टरसारखी (प्रोग्रामच्या मेमरीत घुसखोरी झाली तर पकडणारी) सुरक्षा न सांगता लावतात, म्हणजे कंपायलरला काम जास्त. अल्पाइन या डिस्ट्रोमध्ये प्रोग्रामना मेमरी वगैरे मूलभूत सोयी पुरवायला नेहमीच्या ग्लिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते. तिची मेमरी वाटण्याची पद्धत साधी आहे, आणि प्रोग्रामचे अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) एकदम मेमरी मागू लागले की ती अडते.

"अमुक डिस्ट्रो दुप्पट वेगवान" असं सांगणाऱ्या व्हिडिओंत कंपायलरची आवृत्तीही सांगितलेली नसते. अशा आकड्यावर विसंबून लॅपटॉप फॉरमॅट करू नये. तुलना करायचीच तर आवृत्ती, फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) आणि प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) सारखे ठेवा, आणि पहिली फेरी सोडून द्या. तिच्यात डिस्कवरून फाइली वाचण्याचा वेळही मिसळलेला असतो.